कोणाची चकरी, कोणाचा कोल्हा

गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या धानोऱ्यात बातमी पोचायला टॉवर लागत नाही. बसस्टँडजवळच्या ऑनलाईन सेंटरवर काल संध्याकाळी जी बाचाबाची झाली, ती आज सकाळी मी मागच्या सांदवाडीत कुरोड्या वाळत घालायला आले तेव्हा कुपाटीपलीकडे माझी वाट पाहत उभी होती. सेंटर शेजारच्या काकूंच्या टुऱ्याचं, म्हणजे मुलाचं, तेव्हा बातमी थेट घरातली.

"का वो मॅडम, ऐकलं का? माह्या टुऱ्याले काल लोकं मारतच होते."

झालं ते असं. रांगीकडचा एक बाप मुलीच्या कॉलेजचा फॉर्म भरायला आला. नाव, गाव, जातीचा दाखला, फोटो, सही, सगळं चढवून झालं. शेवटचं बटण दाबलं तर ढिम्म. परत दाबलं, परत ढिम्म. टुऱ्याने तो ब्राउझर बंद केला, दुसरा उघडला आणि म्हणाला, "पहिल्यापासून भरा लागते." बापाचा पारा चढला. रांगेतल्या एका पोराने वर तेल ओतलं, की माझ्या मोबाईलात हे झटक्यात होतं, याचं मशीनच भंगार. झाल्या दोन पार्ट्या. एक म्हणे सेंटरवाला मुद्दाम वेळ काढतो, दुसरी म्हणे साइटच तशी. शेवटी दुसऱ्या ब्राउझरातून फॉर्म गेला, पावती निघाली, आणि पावती घडी घालता घालता बाप म्हणाला, "मंग हाच काहून नाही उघडला आंधी?"

काकूंचाही प्रश्न तोच. "वरून इंटरनेट एकच येते ना? मंग एकात होते अन् दुसऱ्यात नाही होत, हे का भानगड हाये?"

मी शाळेत शिकवते म्हणून असले प्रश्न माझ्या वाट्याला येतात. काकूंना म्हटलं, साइट म्हणजे तयार चित्र येत नसतं. येतात त्या लेखी सूचना. हे नाव इथे मांड, हे बटण तिथे ठेव, बटण दाबलं की अमुक कर. त्या वाचून पान मांडायचं काम ब्राउझरचं. सूचना कशा वाचायच्या याचे नियम ठरलेले आहेत, पण वाचणारे निरनिराळे, आणि साइट बनवणारा बरेचदा एकाच ब्राउझरात चालवून बघतो आणि हात झटकतो. सरकारी पानांच्या तळाशी कितीतरी वर्षं बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं की ही साइट इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चांगली दिसेल. बाकीच्यांनी आपापलं पाहून घ्यावं.

"म्हंजे ते निळं ई? आमच्या पहिल्या कॉम्प्युटरात होतं ते."

तेच. १९९५ मध्ये आलं, पुढे विंडोजसोबत फुकटात येऊ लागलं, आणि त्याआधी गाजत असलेल्या नेटस्केपला त्याने खाली बसवलं. २००२-०३च्या सुमाराला जगात शंभरातले नव्वदहून जास्त लोक तेच वापरत होते. चांगलं होतं म्हणून? छे! घरात आयतं होतं म्हणून. अमेरिकेच्या सरकारने १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर खटला भरला तो मुख्यतः याच आयतेपणावरून.

आमच्या तालुक्यात ते निळं ई इतकी वर्षं टिकलं ते मात्र ठेकेदारांच्या आशीर्वादाने. तेंदूचा लिलाव असो की रस्त्याचं काम, टेंडर ऑनलाईन झालं आणि डिजिटल सही आली. सही एका डोंगलमध्ये, आणि ती वाचायला ब्राउझरला जावाचा जोड हवा. क्रोमने असले जोड सप्टेंबर २०१५ मध्ये काढून टाकले, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये. उरलं एकटं एक्सप्लोरर. काकूंच्या टुऱ्याने एक जुना कॉम्प्युटर खास त्यासाठी कापडाखाली झाकून ठेवला होता. त्याच्यावर दुसरं काही उघडायचं नाही, अपडेट तर मुळीच करायचं नाही. कोणी माऊसला हात लावला तर टुरा जेवत्या ताटावरून उठून यायचा. हंगामात त्या एका डब्यासमोर मोठमोठ्या गाड्यांतून आलेली माणसं प्लास्टिकच्या स्टुलावर बसून घामाघूम होत.

आपल्याकडेच असं होतं असंही नाही. दक्षिण कोरियाचं इंटरनेट जगात नावाजलेलं, पण तिथे बँकेच्या कामाला मायक्रोसॉफ्टचं अ‍ॅक्टिव्हएक्स लागे, म्हणून ती माणसंही वर्षानुवर्षं एक्सप्लोररला बांधलेली. १५ जून २०२२ला मायक्रोसॉफ्टने ते कायमचं मिटवलं तेव्हा तिथल्या एका इंजिनिअरने ग्योंगजू शहरात त्याचं चक्क दगडी थडगं उभारलं. वर काय कोरलं, तर दुसरे ब्राउझर डाउनलोड करायला हा फार कामाचा होता.

काकू पदर तोंडाला लावून हसल्या. "मेल्यावर तरी चांगलं बोलावं न जी."

*

खरं सांगू का, ब्राउझर खरोखर निवडून घेतला असेल तर तो आम्ही, टॉवर रडका होता तेव्हा. मी पेंढरीकडच्या शाळेवर होते त्या दिवसांत मोबाईलवर एक पान उघडायचं म्हणजे पान मागायचं, फोन खिडकीच्या गजावर ठेवायचा आणि हजेरी घेऊन यायची. नक्षलग्रस्त भागासाठी सरकारने पहिल्या टप्प्यात जे टॉवर उभारले ते टूजीचे. अशा २,३४३ ठिकाणी फोरजी करायला केंद्राची मंजुरी मिळाली ती एप्रिल २०२२ मध्ये. ही ठिकाणं दहा राज्यांत, त्यात महाराष्ट्राचं नाव होतं, आणि महाराष्ट्राचा नक्षलग्रस्त भाग म्हणजे तेव्हा मुख्यतः आपणच होतो की.

त्या टूजीवर ज्याचं नाव होतं तो ऑपेरा मिनी. नॉर्वेच्या कंपनीचा. तुम्ही पान मागितलं की ते आधी कंपनीच्या सर्व्हरवर जायचं, तिथे त्याचा पसारा आवळला जायचा आणि दहाव्या हिश्शाएवढं होऊन फोनवर उतरायचं. कमी डेटा, कमी वेळ. शिवाय त्याच्याकडे एक गुपित होतं. तेव्हाच्या कित्येक फोनांना देवनागरी येतच नसे. मराठी पेपर उघडावा तर ओळीच्या ओळी चौकोन. तेव्हा पत्त्याच्या जागी इंग्रजीत 'ऑपेरा', पुढे दोन टिंबं, पुढे 'कॉन्फिग' असं टाकायचं. एक रुक्ष पान उघडे. त्याच्या पार तळाशी 'युज बिटमॅप फॉन्ट्स फॉर कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' अशी ओळ. तिच्यापुढचं 'नो' काढून 'यस' करायचं, सेव्ह करायचं. मग सर्व्हर अक्षरांची चित्रं काढून पाठवायचा. डेटा जरा जास्त जाई, पण चौकोन जाऊन क, ख, ग दिसत. हा मंत्र मला बाजाराच्या दिवशी एसटीच्या एका कंडक्टरने दिला, मी शाळेतल्या गुरुजींना, गुरुजींनी सरपंचांना. एवढ्या आडवाटेची सेटिंग अशी तोंडोतोंडी जिल्हाभर फिरली आणि तिची जाहिरात मी कुठे पाहिली नाही.

"अन् तो खारीवाला?" काकूंनी विचारलं. "आमच्या टुऱ्याच्या फोनात होता. सिनेमे उतरवे त्याच्यातून."

खारीवाला म्हणजे यूसी ब्राउझर. चिनी. २०१४ मध्ये अलिबाबाने विकत घेतलेला. टॉवर मध्येच गेला तरी उतरवलेलं अर्धं वाया जायचं नाही, टॉवर आला की तिथून पुढे सुरू. मुरूमगाव घाटात हा गुण सोन्याचा! एक काळ असा होता की भारतातल्या मोबाईलवर क्रोम मागे आणि हा पुढे. पण मे २०१५ मध्ये टोरोंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने त्याची तपासणी केली तर फोन कुठे आहे, सिमची ओळख काय, तुम्ही काय शोधलं, हे नीट न झाकता बाहेर जात असल्याचं निघालं. अहवालाचं नावही मोठं झकास दिलं होतं, 'बडबडी खार' अशा अर्थाचं.

"म्हंजे आपल्याच जातीची," काकू म्हणाल्या.

२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी अ‍ॅप बंद केली, त्यात टिकटॉकसोबत हाही गेला. टिकटॉकसाठी गावात हळहळ झाली. खारीची आठवण कोणी काढली नाही, कारण तोवर धानोऱ्यात जिओ येऊन स्थिरावला होता आणि सिनेमा उतरवून ठेवायची गरजच सरली होती.

आणि तिथेच निवडही सरली. आता फोन घेतला की क्रोम आतच असतो. रंगीत गोल चकरी. तिला गावात क्रोम कोणी म्हणत नाही, 'गुगल' म्हणतात. गुगलात टाक, गुगलात पाह्य. ब्राउझर कोणता वापरता असं विचारलं तर काकू म्हणतील, ते का असते? यात हसण्यासारखं काही नाही. २००९ मध्ये खुद्द गुगलच्या लोकांनी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरला येणाऱ्या-जाणाऱ्यांना ब्राउझर म्हणजे काय असं विचारलं होतं. शंभरात आठांनाही सांगता आलं नाही. पेंढरीच्या कंडक्टरला तेव्हा नक्की सांगता आलं असतं, हे माझं मत. मी त्याच्यावर पैज लावेन.

*

एवढ्यात डाव्या हाताच्या कुपाटीवरून गार्डबाबा बोलले. वनविभागातून रिटायर, कानाने तिखट. हातात त्यांचा तो बटणांचा जिओफोन. २०१७चा, दीड हजार अनामत भरून घेतलेला. कोणी स्मार्टफोन घ्या म्हटलं तर म्हणतात, "मले कोनाले तोंड दाखवाचं हाये?"

"बाबा, तुमच्या फोनात कोणता ब्राउझर आहे, माहीत आहे का?"

"मले का मालूम!"

काकूंची नात मोठी हुशार टुरी. गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठाच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकते, सुटीला आली आहे. मागच्या दारात पाय सोडून बसली होती, तिने तिथूनच सांगितलं. "आबाजी, तुमच्या फोनात फायरफॉक्सचं रक्त हाये." आणि ते खरं. मोझिलाने फायरफॉक्सच्या पोटातून फोनची एक सिस्टिम काढली होती. ती चालली नाही, २०१५च्या डिसेंबरात त्यांनी हात आवरला. ते टाकलेलं लेकरू उचलून दुसऱ्यांनी कायओएस केलं, आणि जिओफोन चालतो तो त्याच्यावर. अमेरिकेत कोणी घेतलं नाही ते आमच्या गार्डबाबांच्या बंडीच्या खिशात नांदतंय.

टुरीने तिच्या मोबाईलवर फायरफॉक्सचं चित्र दाखवलं. गार्डबाबांनी चष्मा वर केला. "कोल्हा म्हनता याले? कोल्ह्याची शेपटी अशी नाही राहत."

यात बाबा जिंकले, कारण फायरफॉक्स या नावाचा जीव कोल्हा नाहीच, तो लाल पांडा. चित्र मात्र कोल्ह्याचं काढून बसलेत. लाल पांडा सिक्कीम-अरुणाचलाकडचा. आमच्या रानात वाघ, बिबट, अस्वल सगळं आहे, तो नाही. बाबांनी अर्धा तास यावर काढला. ते सोडून देते.

पण काकूंचा मूळ प्रश्न राहिलाच होता, की इतके ब्राउझर आहेत तर त्यात फरक काय. टुरी म्हणाली, नावं दहा असली तरी आतलं यंत्र फार तर तीन तऱ्हांचं. क्रोम, मायक्रोसॉफ्टचा आताचा एज, ब्रेव्ह, सॅमसंगचा ब्राउझर, एवढंच कशाला, २०१३ पासून आपला ऑपेरासुद्धा, सगळे क्रोमियमवर. आयफोनवाल्यांचा सफारी वेगळा, आणि फायरफॉक्स वेगळा. २०२५च्या मार्चात सरकारने देशी ब्राउझरच्या स्पर्धेत झोहोच्या 'उला'ला एक कोटीचं पहिलं बक्षीस दिलं. आत तोही क्रोमियमच.

"म्हंजे बाटल्या वेगवेगळ्या, अन् आत मोहाची तेच," गार्डबाबा म्हणाले, आणि लगेच इकडेतिकडे बघितलं. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. बाबांनी उदाहरण केवळ समजावं म्हणून दिलं, हे मी साक्षीदार म्हणून नोंदवते.

आता आतलं एकच असेल तर साइट बनवणाऱ्याला बरंच की. एकात चालली की दहांत चालली. कालच्या भांडणाचं मूळही त्यातच. टुऱ्याने आधी फायरफॉक्स उघडला होता, साइट क्रोमवर बघून बनवलेली. काकूंना हे पटलं, मला निम्मंच पटलं. निळ्या ईच्या काळात हेच झालं होतं, की सगळे एकाच दारात उभे, आणि ते दार बिघडलं की सगळ्यांचं अडलं. आज भारतात शंभरातल्या ऐंशीहून जास्त लोकांपुढे क्रोम आहे, आणि त्यातल्या कितींनी तो हाताने निवडला?

बरं, कंपन्या हे आयतेपण फुकट मिळवत नाहीत. आयफोनमध्ये शोध आपल्याकडूनच व्हावा म्हणून गुगलने अ‍ॅपलला २०२२ या एका वर्षात दोन हजार कोटी डॉलर मोजले, हे अमेरिकेच्या कोर्टात उघड झालं. आपल्या स्पर्धा आयोगानेही ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉईड फोनांत आपलीच अ‍ॅप आधीपासून कोंबण्यावरून गुगलला १,३३७ कोटी ७६ लाखांचा दंड लावला. त्या अ‍ॅपांत क्रोमही होता. अमेरिकेचं न्याय खातं तर क्रोम विकायलाच लावा म्हणत होतं. खटला होता न्यायाधीश अमित मेहतांपुढे, माणूस मूळचा गुजरातेतल्या पाटणचा. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांनी गुगलची मक्तेदारी आहे असं ठरवलं, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितलं की क्रोम विकायची गरज नाही.

"आपल्या मेंढ्यात असं नाही होत," गार्डबाबा म्हणाले. मेंढा-लेखा इथून हाकेवर. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवलेलं गाव. तिथे मतदान नाही. ग्रामसभेत एकाचंही 'नाही' असेल तर सगळे परत बसतात, सगळ्यांचं 'हो' होईपर्यंत. बाबा म्हणाले, "मोबाईल बनवनाऱ्याले एक दिवस तिथं बसवाले पायजे. आंधी विचारा, मंग टाका."

टुरी म्हणाली, "आबाजी, युरोपात आता विचारतेत." २०२४ पासून तिथे नवा कायदा लागू झाला, फोन सुरू करताना ब्राउझरांची यादी पुढे येते, पाहिजे तो घ्या. बाबांना एकदम युरोपाबद्दल आदर वाटू लागला.

*

एवढं सगळं झाल्यावर काकू कुपाटीला अगदी चिकटल्या आणि आवाज खाली आणला. तेव्हाच समजायचं की खरा विषय आता निघतो.

"मॅडम, ते चष्मा-टोपीवालं काळं पान का असते वो?"

चष्मा-टोपीवालं पान म्हणजे क्रोमचा इनकॉग्निटो. आमच्या आळीतल्या एका घरच्या जावयाच्या फोनात ते सासूला दिसलं, तेव्हापासून त्या घरात कोणी कोणाशी नीट बोलत नाहीये. (घर कोणतं ते लिहीत नाही. धानोऱ्याच्या वाचकांना कळलंच असेल.) जावई म्हणतो मी बाइकचे भाव बघत होतो. बाइकचे भाव काळ्या पानात?

काकूंना म्हटलं, त्यात एवढंच होतं की बंद केलं की काय पाहिलं त्याची यादी त्या फोनात राहत नाही. घरच्यांपासून लपतं. ज्या साइटवर गेलात तिला कळतं, सिमच्या कंपनीलाही कळू शकतं. पुष्कळ लोकांना वाटत होतं की कोणालाच कळत नाही. त्यावरून २०२० मध्ये अमेरिकेत लोकांनी गुगलवर दावा ठोकला, आणि २०२४ मध्ये गुगलने अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं.

"म्हंजे सासूले नाही कडलं, अन् अमेरिकेले कडलं?"

साधारण तसंच. काकूंना जावयाची जरा कीवच आली. आणि त्या सासूच्या बाजूने इतके दिवस बोलत होत्या!

मग मला कळलं की हा प्रश्न निघाला कुठून. काकूंचा स्वतःचा फोन गेला महिनाभर पिसाळला होता. भजनाचे शब्द बघायला जावं तर अर्धं पान जाहिरातींनी भरलेलं. जाहिरात बंद करायला बोट लावावं तर तिसरंच काही उघडे. वरून दर घडीला सूचना, की तुमच्या फोनात व्हायरस आहे, तुम्हाला बक्षीस लागलं आहे. कोण्या साइटने विचारलं होतं, सूचना पाठवू का, आणि काकूंनी भल्या मनाने 'अलाव' दाबलं होतं. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं.

नातीने परवा रात्री दोन कामं केली. चकरीच्या सेटिंगमध्ये जाऊन नोटिफिकेशनची परवानगी असलेल्या साइटींची यादी काढली आणि एकेक करून बंद केली. नावं वाचून दोघी लोळून हसल्या म्हणे. मग फायरफॉक्स टाकला, मराठी करून दिला, कारण स्वयंसेवकांनी तो मराठीत आणून ठेवलेला आहे. आणि त्यात जाहिराती अडवणारा एक जोड बसवला. मोबाईलच्या क्रोमला असे जोड लावताच येत नाहीत, फायरफॉक्सला येतात. क्रोम ज्या कंपनीचा तिची कमाईच जाहिरातीवर, तिने ही सोय कशाला द्यावी, हे टुरीचं म्हणणं. मला त्यात खोट दिसली नाही.

काकूंनी फोन कुपाटीवरून माझ्या हातात दिला. भजनाचं पान, वरपासून खालपर्यंत नुसतं भजन. मध्ये ना तेल, ना कर्ज, ना गुडघ्याचा पट्टा. डेटाही पुरतो म्हणाल्या, काल दिवसभर वाचलं तरी संध्याकाळी शिल्लक होता.

"मग आता चकरी काढून टाकायची?"

"नाही वो. रेशनचं केवायसी कायच्यात करू? टुरा म्हनते सरकारी काम चकरीतच होते." काकूंनी हिशेब स्पष्ट करून टाकला. "सरकारच्या कामाले चकरी, माह्या कामाले कोल्हा."

"कोल्हा नाही, लाल पांडा," पलीकडून आवाज आला.

काकूंनी तिकडे लक्ष दिलं नाही. फोन परत घेतला, पदरात गुंडाळला आणि म्हणाल्या, "पन मॅडम, हे सुनेले नोको सांगू बरं. तिले वाटते मले फोनातलं काही समजत नाही. तसंच वाटू द्या. अन् ते काळं पान कोल्ह्यात पन राहते का?"